यादीत नसलेली आपत्ती

साहेब, चौकशी समितीसमोर तुम्ही खोटं बोललात. मी तिथेच होते, दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घेऊन. ते खोटं आहे हे मला त्या दिवशी कळलं नाही. नऊ वर्षं मी तुम्हाला फक्त हट्टी समजत राहिले. हट्टी माणसाला एक वेळ माफ करता येतं. गेल्या महिन्यात कळलं की तुम्ही हट्टी नव्हता.

म्हणून लिहितेय. तुमचं नाव घेत नाही. वाचणाऱ्यांना त्याची गरज नाही आणि तुम्हाला तर नाहीच.

तो सोमवार होता. सकाळचे नऊ चाळीस. मी डबा खणात ठेवत होते तेवढ्यात फोन वाजला. सिस्टर मार्था लोंढे बोलत होत्या, आमच्याच आवारातल्या मोठ्या रुग्णालयाच्या स्पेशल वॉर्डमधून. वीस वर्षं नोकरी केलेली बाई, कारणाशिवाय फोन करणाऱ्यांतली नाही.

"सोनटक्के बाई, तुमच्या कॉम्प्युटरला काय झालंय? बेड चारच्या आजीबाईंना सल्फाची गोळी चालत नाही. लाल पट्टी मी स्वतः चढवली होती. आज पट्टी नाही. आणि आजी बासष्टच्या होत्या त्या सत्तावन्नच्या झाल्यात. माझा नंबर कधी लागणार ते सांगा."

मी हसले. हसता हसताच थांबले. कारण आदल्या दिवशी, रविवारी दुपारी चार वाजता, मी काय केलं होतं ते फक्त मला आणि तुम्हाला ठाऊक होतं.

लाल पट्टी म्हणजे काय ते सांगते. आमच्या मंडळाची अकरा रुग्णालयं. मोठं कराडला, बाकीची तालुक्यांच्या गावी, शेवटचं डोंगराच्या कुशीत आंबेखोऱ्याला, बारा खाटांचं. सगळ्यांची माहिती एका जागी, माझ्या ताब्यातल्या डेटाबेसमध्ये. सव्वीस लाख माणसं. एखाद्याला एखादं औषध सोसत नसेल तर त्याचं नाव उघडलं की स्क्रीनच्या माथ्यावर लाल पट्टी यायची. ती पट्टी दिसली की डॉक्टरचा हात थांबायचा. पट्टी नसली की हात थांबत नव्हता. साहेब, तुम्हीच भिंतीभिंतीवर पाट्या लावल्या होत्या, पेशंटला पुन्हा पुन्हा विचारू नका, स्क्रीन पाहा. लोकांनी ऐकलं तुमचं. विचारणं सोडून दिलं.

मी बारावी, टायपिंग पास. नोंदी टाईप करायला म्हणून लागले. डेटाबेस शिकले ती जाड इंग्रजी पुस्तकं शब्दकोश शेजारी ठेवून वाचत. त्यामुळे मला मोठे शब्द वापरता येत नाहीत, पण ही पेटी कुठे दुखते ते मला कळायचं.

त्या सोमवारच्या दीड वर्ष आधी तुम्ही बैठक बोलावली होती. विषय असा, की उद्या मशीन जळलं, बुडालं, तर माहिती परत कशी आणायची. तोवर आमची पद्धत जुनी होती. रोज पहाटे सगळ्या माहितीची टेप आपोआप निघायची आणि अकरा वाजता दत्तोबा गुरव ती डब्यात घालून नदीपलीकडच्या नर्सिंग शाळेच्या लोखंडी कपाटात ठेवून यायचे. सायकलवरून. पावसात डब्याला प्लास्टिक, स्वतःला काही नाही. दर महिन्याला एक टेप आणून आम्ही ती चालते का ते उघडून बघायचो. सगळी माहिती परत चढवायला एक दिवस लागायचा आणि त्या एका दिवसाच्या नोंदी कागदावरून पुन्हा भराव्या लागायच्या. कंटाळवाणं काम, पण होत होतं.

बैठकीत कंपनीचा माणूस आला होता. त्यानं सोलापूरला दुसरं केंद्र उभं करायचं सुचवलं. इथे नोंद झाली की त्याच क्षणी तिथे. त्यानं आमच्या डोळ्यांदेखत इथल्या मशीनची वायर उपटली. स्क्रीनवरचं काम चालूच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. सोलापूरच्या त्या प्रतीला आरसा म्हणायचं असं तिथेच ठरलं.

मग मी विचारलं, मी इथे चुकून काही पुसलं तर तिथे काय होईल. तो म्हणाला, तिथेही पुसलं जाईल मॅडम, तोच तर फायदा आहे, दोन्हीकडे तंतोतंत. हशा झाला.

मी तेव्हा उठून बोलले होते, साहेब. आरसा ठेवा म्हणाले, पण शेजारी एक प्रत ठेवा जी मुद्दाम एक दिवस मागे चालेल. आणि टेपही बंद करू नका. तुम्ही चष्मा काढून पुसलात.

"कालची माहिती आज कोणाला हवी असते, बाई?"

एवढ्यावर विषय संपला होता. मग तुम्ही आपत्तीची यादी काढलीत. कोणती गोष्ट घडली म्हणजे आपत्ती समजायची, ती जाहीर कोणी करायची, आणि जाहीर केल्यावर अकराही रुग्णालयांना एक निरोप जाणार: कागदावर जा, पेशंटला सगळं पुन्हा विचारा. जाहीर करायचा अधिकार एकट्या तुमचा. यादीत पाच ओळी. आग, पूर, भूकंप, वीज जाणे, दंगल. मी मसुद्यात पेन्सिलीनं सहावी लिहिली, आपल्याच हातून झालेली चूक. तुम्ही ती वाचून दाखवलीत, मोठ्यानं, सगळ्यांना. मग म्हणालात की हे छापलं तर आपण चुका करतो असा अर्थ निघेल. आणि लाल पेननं रेघ ओढलीत. रागावला नव्हता तुम्ही. तुम्ही कधीच रागवायचा नाही.

खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या. माझीही आहे. ते मी नाकारत नाही.

आरसा सुरू झाला. तीनदा सराव झाला. तारीख आधी कळवून, सगळं झाडून पुसून, रविवारी सकाळी काम सोलापूरला वळवायचं, दुपारी परत आणायचं आणि पेढे वाटायचे. तिसऱ्या सरावानंतर टेप बंद करण्याचा कागद निघाला. तुम्ही प्रवेशद्वारात फलक लावलात, अखंड सेवा, आणि खाली आरसा सुरू झाल्यापासूनच्या दिवसांचा आकडा. तो रोज सकाळी बदलायचं काम गुरवांना दिलं. बत्तीस वर्षं टेपा वाहणारा माणूस स्टुलावर चढून पत्र्याचे आकडे लावायचा. मी एकदा विचारलं, मामा, कसं वाटतं. म्हणाले, "बरंय की. पूर्वी माझ्या डब्यात सव्वीस लाख माणसं असायची. आता तीन आकडे आहेत. वजन कमी झालं."

त्या सोमवारी फलकावर तीनशे एकसष्ट होते. बुधवारी दिल्लीहून पाहुणे येणार होते, अखंड सेवेचं प्रशस्तिपत्र द्यायला. त्यांना अजून एक गोष्ट दाखवायची होती, एक माणूस एक नोंद. आमच्याकडे एकेका माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी होत्या. बाई लग्नाआधी एका नावानं येते, लग्नानंतर दुसऱ्या. कोणी वय अंदाजानं सांगतो. तुम्ही मला दोन दिवस दिलेत. दुहेरी नोंदी एक टक्क्याच्या आत आणा म्हणालात.

नियम मी लिहिला. नाव, नवऱ्याचं किंवा वडलांचं नाव, आडनाव आणि गाव सारखं असेल आणि वयात दोन वर्षांपर्यंत फरक असेल तर तो एकच माणूस, नवी नोंद ठेवायची, जुनी तिच्यात विरघळवायची. कराडच्या नोंदींवर तपासून बघितला. उत्तम चालला. पण आकडा तीन टक्क्यांवर अडला. तुम्ही म्हणालात, खेड्यातले लोक वय नीट सांगत नाहीत, दोनाचे पाच करा.

केले. मी खेड्यातली आहे, साहेब. माझ्या गावात एका आडनावाची सत्तर घरं आहेत. एका आळीत तीन तुकाराम आणि तिघांपैकी दोघांच्या बायका शालन. हे मला पाठ असायला हवं होतं. पण मी तपासलं ते शहराच्या यादीवर, कारण ती यादी स्वच्छ होती आणि दोन दिवसच होते. काम करण्याआधी एक प्रत काढून ठेवायची परवानगी मागितली. जागा नव्हती, सगळी आरशाला दिलेली. तुम्ही म्हणालात, आरसा आहे ना.

रविवारी चार वाजता मी बटण दाबलं. नव्वद हजार नोंदी विरघळल्या. आरशात त्याच क्षणी.

आता पुन्हा सोमवारी या. सिस्टरांचा फोन ठेवला आणि मी पहिलं काम केलं ते म्हणजे खेड्यांची यादी उघडली. आंबेखोऱ्यापासून सुरुवात केली, छोटी म्हणून. पाच मिनिटांत दिसायला लागलं. चुलत जावा, नवऱ्यांची नावंही तीच असलेल्या, एक झाल्या होत्या. भावकीतले, वडलांची नावंही तीच असलेले भाऊ एक झाले होते. जुन्या नोंदीवरची लाल पट्टी नव्या नोंदीवर आलीच नव्हती. आणि त्याहून वाईट म्हणजे एकाच्या औषधांचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर बसला होता. कोणती नोंद कोणत्या नोंदीत गेली त्यांचे फक्त क्रमांक माझ्याकडे होते. आत काय होतं ते कुठेच नव्हतं. म्हणजे होतं, नर्सिंग शाळेच्या कपाटात. आठ महिन्यांपूर्वीच्या शेवटच्या टेपवर.

मी गुरवांना शोधलं. ते फलकाखाली स्टूल उचलत होते. विचारलं, शेवटची टेप आहे ना जागेवर. त्यांनी स्टूल खाली ठेवलं.

"आहे. किल्ली माझ्याच कनवटीला आहे. कोणी परत मागितली नाही. किती वाईट आहे, ताई?"

मी सांगितलं. ते सायकलकडे वळले, मी तुमच्या खोलीकडे.

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. तुम्ही बुधवारच्या पाहुण्यांची आसनव्यवस्था बघत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, माझी चूक आधी सांगितली. मग म्हणाले, सगळ्या स्क्रीन बंद करू, रुग्णालयांना कागदावर घालू, टेप चढवू. पट्ट्या बहुतेक जुन्याच असतात, नव्वद टक्के परत येतील. उद्या दुपारपर्यंत उभं राहू.

तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत. मध्ये एकदाही तोडलं नाहीत. मग खणातून ती यादी काढून माझ्यापुढे सरकवलीत.

"यातली कोणती आपत्ती झालीय, बाई?"

"साहेब, माणसं मरतील."

"मी ओळ विचारली."

मी यादीकडे बघत उभी राहिले. आग नव्हती. पूर नव्हता. बाहेर स्वच्छ ऊन होतं, शिपाई कुंड्यांना पाणी घालत होता. मशीन चालू होतं, आरसा चालू होता, दोन्ही तंतोतंत सारखे होते. तुमच्या टेबलावरचा हिरवा दिवा हिरवाच होता.

तुम्ही म्हणालात, एका सिस्टरच्या फोनवरून सव्वीस लाखांची यंत्रणा बंद करता येत नाही. आधी मला सविस्तर टिपण द्या, पुराव्यांसह, मग बघू. आणि तोवर बाहेर एक शब्द गेला तर घबराट पसरवल्याबद्दल कारवाई होईल. मग आवाज खाली आणून म्हणालात की माझ्या कायम होण्याची फाईल तुमच्याकडेच आहे, आणि तुम्हाला ती अडकवायची नाही.

मी टिपण लिहायला बसले.

हे वाक्य मी नऊ वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. अकरा वर्षं रोजंदारीसारखी काढलेली, घरात नवरा आजारी, फाईल सहीवर आलेली. मी खाली मान घालून, तक्ते करून, मुद्दे पाडून टिपण लिहिलं. पुरावे म्हणून खेड्यांतल्या दोनशे नावांची यादी जोडली. त्या यादीत बावीसाव्या क्रमांकावर शालन तुकाराम चव्हाण, मुक्काम आंबेखोरे होती. वय चव्वेचाळीस आणि सत्तेचाळीस. सत्तेचाळीसवालीला पेनिसिलिन चालत नव्हतं, तीन वर्षांपूर्वी त्यानं ती मरता मरता वाचली होती. चव्वेचाळीसवालीला ते दोनदा दिलेलं होतं, काही त्रास नाही. दोघी आता एक होत्या. मी ते नाव स्वतःच्या हातानं टाईप केलं आणि पुढच्या नावाकडे वळले.

सव्वाबाराला टिपण तुमच्या टेबलावर ठेवलं. तुम्ही जेवायला निघाला होता. आल्यावर वाचतो म्हणालात.

मी जागेवर येऊन बसले. गुरव परत आले होते. टेपेचा डबा माझ्या टेबलावर ठेवून समोर स्टुलावर बसले. शर्ट पाठीला चिकटलेला. काय म्हणाले साहेब, असं विचारलं. मी म्हटलं, वाचतो म्हणाले. त्यांनी डब्यावरची धूळ बाहीनं पुसली. मग म्हणाले, "ताई, फोन तुमच्या टेबलावर आहे. त्याला कायम व्हायचं नाहीये."

एक वाजता मी फोन उचलला. टेबलाच्या काचेखाली रुग्णालयांची यादी होती, मोठ्यापासून छोट्यापर्यंत. मी वरून सुरुवात केली. का वरून, ते मला आजही सांगता येत नाही. जिथे पेशंट जास्त तिथे धोका जास्त असं काहीतरी डोक्यात असेल. पण खेड्यांची गडबड होती हे मला माहीत होतं. यादी तशी छापलेली होती म्हणून मी तशी गेले, इतकंच.

कराडला पहिला फोन लागला. तिथे सुपरिंटेंडेंट म्हणाले, असा निरोप साहेबांकडून यायला हवा. मी म्हटलं, येईल, तोवर पेशंटला विचारा. ते म्हणाले, लेखी आहे का. प्रत्येक ठिकाणी हेच. आठ-आठ, दहा-दहा मिनिटं एकेका फोनला. चौथ्या ठिकाणी एका डॉक्टरनं विचारलं, तुम्ही कोण, तुमचं पद काय. मी पद सांगितलं. तो म्हणाला, बरं, आणि ठेवला. काहींनी ऐकलं. सहाव्या ठिकाणच्या बाईंनी तर काहीच विचारलं नाही, आत्ता सांगते म्हणाल्या, धन्यवाद बाई.

आठव्या रुग्णालयाला सांगून झालं, मी फोन ठेवला, आणि हात त्यावरच असताना तो वाजला. दोन दहा.

आंबेखोऱ्याचे डॉक्टर होते. नुकते शिकून आलेले, डॉक्टर वाघचौरे. आवाज फार हळू होता. त्यांनी विचारलं, मॅडम, स्क्रीनवर एखाद्याचा इतिहास चुकीचा येऊ शकतो का. मी म्हटलं, काय झालं ते सांगा. मग त्यांनी सांगितलं. पायाला गळू होऊन तापानं फणफणलेली बाई मुलानं मोटारसायकलवर मध्ये बसवून आणली होती, मागून शेजाऱ्यानं धरून. बाई शुद्धीत नव्हती. मुलगा मुंबईला कामाला असलेला, दोन दिवसांसाठी आलेला, त्याला आईचं काही माहीत नव्हतं. स्क्रीनवर लाल पट्टी नव्हती. पेनिसिलिन आधी दोनदा दिलेलं, त्रास नाही, असं लिहिलेलं होतं. म्हणून टेस्ट न करता दिलं. बाई एक पन्नासला गेली.

"मी स्क्रीन पाहूनच दिलं, मॅडम. तुम्ही बघा ना उघडून. माझी चूक आहे का?"

मी नाव विचारलं. मला नाव माहीत होतं, तरी विचारलं.

गुरवांनी डब्यावरचा हात काढून घेतला.

तुम्ही अडीचला जेवून आलात. मी दारातच सांगितलं. तुमचा चेहरा पांढरा पडला, ते मी पाहिलं, तेवढं श्रेय देते. दहा मिनिटांत अकराही ठिकाणी निरोप गेला. पण आपत्ती म्हणून नाही. तुम्ही लिहून दिलंत, नियोजित देखभाल, काही काळ कागदावर नोंदी घ्याव्यात, पेशंटकडून माहिती पडताळावी. नियोजित देखभाल अखंड सेवेत खंड धरत नाही. मंगळवारी दुपारपर्यंत टेप चढली. माझा अंदाज चुकला होता, नव्वद नाही, त्र्याण्णव टक्के पट्ट्या परत आल्या. बुधवारी पाहुणे आले. फलकावर तीनशे त्रेसष्ट होते.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. दुसरी शालन, चव्वेचाळीसवाली, पुढच्या महिन्यात रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आंबेखोऱ्याच्या खिडकीशी गेली. खिडकीवरच्या मुलीनं सांगितलं, काकू, तुम्ही मयत दाखवताय. ती म्हणाली, मग गोळ्या फुकट देतेस का. लोक हसले. मग तिला कळलं की आपल्या नावावर कोण मेलंय, आणि ती तिथेच जमिनीवर बसली. दोघी एका विहिरीवर पाणी भरायच्या.

चौकशी समिती बसली. तुम्हाला विचारलं की साडेचार तास निर्णय का घेतला नाही. तुम्ही जे उत्तर दिलंत ते माझ्याकडे छापील आहे. "सोनटक्के बाईंच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला नाही. त्या घाबरलेल्या होत्या आणि ठोस पुरावा नव्हता. विश्वास बसला असता तर मी एक क्षण थांबलो नसतो." समितीला ते पटलं. मलाही पटलं, साहेब. मी खरंच घाबरलेली होते. बारावी शिकलेली बाई, स्वतःची चूक सांगत दारात उभी. मला वाटलं, माझ्यासारखीवर विश्वास नाही बसत लोकांचा, त्यात साहेबांचा काय दोष. नियम माझा म्हणून ठपका माझ्यावर आला, नोकरी गेली. डॉक्टर वाघचौरे यांनी डॉक्टरकी सोडली असं ऐकलं. तुम्ही निवृत्त झालात. आता इतर संस्थांना आपत्तीतून माहिती कशी सावरावी यावर सल्ला देता. तुमच्या व्याख्यानाची जाहिरात मी पेपरात पाहिली आहे.

नऊ वर्षं मी हे असंच धरून चालले. गेल्या महिन्यात सिस्टर लोंढे निवृत्त झाल्या. त्यांनी आठवणीनं बोलावलं. निरोपसमारंभ झाल्यावर आम्ही दोघी कँटीनमध्ये बसलो. त्या दिवसाचा विषय निघणारच होता. मी म्हटलं, साहेबांचा विश्वासच बसला नाही हो सिस्टर, बसला असता तर ती बाई वाचली असती.

त्यांनी कप खाली ठेवला.

"बसला नाही कसा? त्यांचा मला फोन आला होता की."

मी विचारलं, कधी. त्या म्हणाल्या, तुम्हाला फोन केला त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं. वॉर्डच्या वहीत प्रत्येक बाहेरच्या फोनची वेळ लिहितात, आणि त्या दिवसाची वही त्यांनी स्वतःजवळ ठेवली होती, पुढेमागे चौकशीत विचारलं तर म्हणून. त्यांना कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ती वही आणून दाखवली. दहा वीस. साहेब स्वतः. बेड सात.

बेड सातवर तुमच्या आई होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी.

तुम्ही काय बोललात ते सिस्टरांना शब्दन्‌शब्द आठवतं. "आईच्या बाबतीत स्क्रीनवर काहीही दिसलं तरी पाहू नका. जुनी कागदी फाईल काढा, आणि प्रत्येक गोळी तिला विचारून द्या." सिस्टर म्हणाल्या, हो साहेब, मी सगळ्यांचंच कागदावर घेतलंय सकाळपासून. तुम्ही म्हणालात, उत्तम, पण बाहेर बोलू नका.

"मला वाटलं, साहेब अकराही ठिकाणी असेच फोन करतायत," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून मी नऊ वर्षं गप्प. चांगला माणूस म्हणत होते मी त्यांना."

म्हणजे मी तुमच्या खोलीतून बाहेर पडून पंधरा मिनिटंही झाली नव्हती. मी तक्ते आखत होते तेव्हा तुम्हाला सगळं पटलेलं होतं. माझा शब्द न् शब्द पटला होता. स्वतःच्या आईचा जीव टांगावा इतका विश्वास तुम्ही माझ्यावर ठेवलात. आयुष्यात एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कोणी ठेवलेला नाही.

शालनचा मुलगा आता गावातच असतो. नीलकंठ तुकाराम चव्हाण. मी गेल्या आठवड्यात त्याला भेटून वहीच्या त्या पानाची झेरॉक्स दिली आणि माझा वाटाही सांगितला. तक्ते आखत बसल्याचा, वरून फोन करत गेल्याचा. तो माझ्यावर ओरडला नाही. त्यानं पान दोनदा वाचलं. मग त्यानं एक प्रश्न विचारला, आणि तो मी तुमच्याकडे आणलाय, कारण उत्तर माझं नाही.

तो प्रश्न असा. दहा वीसला तुमच्या हातात फोन होता. आंबेखोऱ्याचा नंबर तुमच्या काचेखालीही होता. आईसाठी एक नंबर फिरवलात. त्यानंतर साडेतीन तास त्याची आई जिवंत होती.

साहेब, दुसरा नंबर का नाही फिरवलात?

उत्तर द्या.